नाकतोडा ओळखायला आयनॅचरलिस्ट: गळ्याखालचा फोटो असेल तर चार तारे, नसेल तर दोन

फुलपाखराची ओळख पंखांवर रंगवलेली असते, पक्ष्याची बरीचशी पिसांवर. नाकतोड्याची ओळख गळ्याखाली, मागच्या गुडघ्यात आणि पोटाच्या शेवटच्या टोकाला दडलेली असते. आपण मात्र मोबाइल काढतो तो पाठीचा फोटो घ्यायला. आयनॅचरलिस्ट हे अ‍ॅप नाकतोड्यांच्या बाबतीत चुकतं ते बहुतेक वेळा एवढ्याच कारणाने. अ‍ॅपला शिव्या घालण्याआधी त्याला दाखवलं काय, हे बघायला हवं.

अ‍ॅपची माहिती थोडक्यात. २००८ साली अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून हे सुरू झालं, आणि २०२३ पासून ते स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. फोटो टाकला की आधी संगणक नावं सुचवतो, मग जगभरातले जाणकार आणि हौशी लोक त्यावर आपापलं मत नोंदवतात. नोंदीला फोटो, तारीख आणि जागा असेल, आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त लोकांचं प्रजातीवर एकमत झालं, तर नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते. परवाना खुला असेल तर ती पुढे जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता माहितीसाठ्यात जाते. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, कारण चुकीचं नावही याच वाटेने पुढे जातं.

आधी मिशा मोजा

मराठीत आपण सगळ्यांनाच नाकतोडा म्हणतो, पण त्यात दोन वेगळी घराणी आहेत. मिशा जाडसर, आखूड आणि तीसपेक्षा कमी पेरांच्या असतील तर तो आखूड-मिशांचा, म्हणजे खरा नाकतोडा किंवा टोळ. त्याचा कान पोटाच्या पहिल्या वळीवर, पंखाखाली असतो. मिशा केसासारख्या बारीक आणि अंगापेक्षा लांब असतील तर तो लांब-मिशांचा. रात्री झुडपात किरकिरणारे हिरवे ‘पानकिडे’ त्यातले. यांचा कान पुढच्या पायाच्या नडगीवर असतो आणि मादीच्या मागे तलवारीसारखा किंवा सुईसारखा लांब अवयव दिसतो. आखूड-मिशांच्या मादीला मागे फक्त चार छोट्या टोकदार पाकळ्या असतात, त्यांनीच ती जमीन उकरून अंडी घालते.

ही पहिली पायरी अ‍ॅप सहसा चुकत नाही. चुकतं ते पिल्लांच्या बाबतीत, त्याबद्दल खाली आहेच. आणखी एक छोटा गट इथेच बाजूला काढावा: ओलसर जमिनीवर, ओढ्याकाठी दिसणारे सेंटिमीटरभराचे मातकट किडे, ज्यांच्या मानेवरचं खोगीर, म्हणजे डोक्यामागची कडक ढाल, मागे वाढत जाऊन अख्खं पोट झाकतं. हे टेट्रिजिडी कुळातले. त्यांच्या प्रजातीच्या नावाच्या मागे फोटोवरून लागू नये. कुळावर थांबावं.

गळ्याखालची खुंटी

आता खरी कसोटी. २०२० च्या मे महिन्यात वाळवंटी टोळांचे थवे अमरावती, वर्धा, नागपूरच्या बाजूला उतरले. त्यानंतर काही आठवडे शेतात दिसेल तो मोठा नाकतोडा ‘टोळ’ म्हणून फिरत होता. तमिळनाडूत कृष्णगिरी जिल्ह्यात रुईच्या झाडांवरचे साधे रंगीत नाकतोडेसुद्धा टोळ समजले गेले. अशा वेळी शेतकऱ्याला अ‍ॅपकडून एकच उत्तर हवं असतं: हा तोच आहे का?

महाराष्ट्रात गोंधळ घालणारा सगळ्यात मोठा उमेदवार म्हणजे सायर्टाकँथॅक्रिस टाटारिका. अंगाने वाळवंटी टोळाएवढाच, पंखांवर तसेच गडद डाग, चालही तशीच. पाठीच्या फोटोवरून अ‍ॅप दोन्ही नावं एकाखाली एक सुचवतं, आणि कोणतं वर येईल हे उजेडावर अवलंबून असतं. पण किडा उलटा केला की प्रश्न संपतो. पुढच्या दोन पायांच्या बुडांमध्ये, आपला कंठमणी असतो साधारण तिथे, एक खुंटी असते. वाळवंटी टोळात, म्हणजे शिस्टोसर्का ग्रेगारियात, ही खुंटी सरळ आणि टोकाला बोथट असते. टाटारिकात ती मागे वाकलेली असते, हुकासारखी. या वंशाचं नावच मुळी ‘वाकड्या काट्याचा टोळ’ अशा अर्थाचं आहे. फोटोत हा वाक दिसला की दुसरं काही बघायची गरज नाही.

खुंटी नसणं हीसुद्धा खूण आहे. प्रवासी टोळ, म्हणजे लोकस्टा मायग्रेटोरिया, याच्या गळ्याखाली खुंटी नसते. छातीची खालची बाजू केसाळ असते आणि खोगिरावर मधोमध उंच कणा असतो. भातात आणि गवतात सर्रास सापडणाऱ्या इवल्या स्पॅथोस्टर्नम प्रासिनिफेरमची खुंटी टोकाला चपटी, रुंद, उलथन्यासारखी असते. एवढासा किडा, पण त्याच्या बाबतीत या एका अवयवावर निकाल लागतो.

बॉम्बे टोळाचं वेगळं. पतंगा सक्सिंक्टा हे त्याचं शास्त्रीय नाव. गेल्या शतकाच्या सुरुवातीला याचे थवे मोठ्या प्रमाणावर उठले होते, आता तो एकटादुकटाच दिसतो. डोक्यापासून खोगिरावरून मागे मिटलेल्या पंखांच्या कडेपर्यंत जाणारा फिकट पट्टा ही त्याची ठळक खूण, आणि ती वरूनच दिसते. म्हणून हा अ‍ॅपला तुलनेने सोपा जातो. तरीही खुंटीचा फोटो जोडावा, नंतर मत देणाऱ्याचा वेळ वाचतो.

सात फोटो, एक नोंद

अ‍ॅपमध्ये एका नोंदीला अनेक फोटो जोडता येतात. नवखे लोक इथेच फसतात: एकाच किड्याचे पाच फोटो पाच वेगळ्या नोंदी म्हणून चढतात, आणि मग पाठीच्या नोंदीवर एक नाव, चेहऱ्याच्या नोंदीवर दुसरंच. सगळे फोटो आधी एकत्र निवडून एकाच नोंदीत घालावेत.

कोणते फोटो? पहिला बाजूने, किडा पूर्ण, कॅमेरा त्याच्या पातळीवर. दुसरा वरून, खोगिरावर फोकस धरून. खोगिराच्या कडा सरळ आहेत की मध्ये आत वळतात, मधला कणा किती उंच आहे आणि त्याला किती आडव्या चिरा छेदतात, हे यात दिसलं पाहिजे. तिसरा चेहऱ्याचा, समोरून आणि किंचित बाजूने, म्हणजे कपाळ उभं आहे की तिरकं ते कळतं. चौथा गळ्याखालचा. पाचवा मागच्या मांडीचा, बाहेरची आणि जमली तर आतली बाजू, गुडघ्यासकट. सहावा पोटाच्या टोकाचा, बाजूने. सातवा उघडलेल्या मागच्या पंखाचा. शेवटचा सगळ्यांना जमत नाही, आणि सगळ्यांना लागतही नाही.

गळ्याखालचा फोटो काढायची सोपी रीत: पारदर्शक, सपाट बुडाची प्लॅस्टिकची डबी घ्यायची. किडा आत सोडून झाकणाला आतून ओल्या कापसाची किंवा स्पंजची पातळ गादी लावून तो हलकेच बुडाशी टेकेल इतकंच दाबायचं. डबी उचलून खालून फोटो. डबीवर ओरखडे असतील तर फोकस ओरखड्यांवर जातो, म्हणून डबी नवी ठेवा. फ्लॅश लावू नका, प्लॅस्टिक चकाकतं आणि खुंटी पांढऱ्या ठिपक्यात हरवते. खिडकीतला आडवा उजेड पुरतो. डबीखाली मिलिमीटरचा आलेख कागद धरून एक वेगळा फोटो घेतला की मापाचं काम झालं. लांबी लिहिताना डोक्याच्या टोकापासून पोटाच्या टोकापर्यंत वेगळी आणि पंखाच्या टोकापर्यंत वेगळी लिहा. नुसतं ‘५ सेंमी’ म्हटलं तर कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न उरतोच.

किडा फारच उड्या मारत असेल तर डबीसकट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पाचदहा मिनिटं ठेवावा. फ्रीझरमध्ये नाही. बाहेर काढल्यावर दोनतीन मिनिटं तो संथ असतो, तेवढ्यात काम उरकायचं. हाताने धरायचा तर छातीच्या दोन्ही बाजूंनी, मिटलेल्या पंखांवरून, चिमटीत. एका मागच्या पायाला धरलं तर तो पाय सोडून पळतो, आणि तो पाय परत येत नाही. नडगीवरचे काटे टोचतात, तोंडातून तपकिरी ओघळ येतो. तो विषारी नसतो, पण कपड्यांवर डाग पडतो. रुईवरचा रंगीत नाकतोडा मात्र चेहऱ्याजवळ नेऊ नका, तो द्रवाची पिचकारी मारू शकतो. दाट जंगलात आणि कॉफीच्या मळ्यांत आढळणारा ठिपक्यांचा ऑलार्कीस मिलिअरिस छेडला की फेस काढतो. दोघेही हाताळल्यावर डोळे चोळू नयेत.

मागचा पंख उघडायला बोथट चिमटा किंवा दातकोरणी लागते. पुढच्या पंखाची पुढची कड धरून तो हळूच बाहेर आणि पुढे सरकवायचा, त्यासोबत मागचा पंख पंख्यासारखा आपोआप थोडा उलगडतो. जोर लावला तर शिरा मोडतात. जमिनीवरच्या मातकट नाकतोड्यांमध्ये हा फोटो सोन्याच्या मोलाचा. ओडेलियस वंशाच्या खोगिरावर फिकट फुलीची खूण असते आणि मागचा पंख बुडाशी पिवळसर, पुढे गडद पट्टा. गॅस्ट्रिमार्गसचा मागचा पंखही पिवळा आणि पट्टेदार, पण खोगिराचा कणा कमानीसारखा उंच आणि फुली नाही. मिटलेल्या पंखांत दोघेही मातीचा गोळा दिसतात.

रंगावर जाऊ नका

अ‍ॅपची सगळ्यात मोठी दुबळी बाजू इथे दिसते. संगणक रंग आणि एकूण आकार यांवर शिकलेला आहे. एकाच प्रजातीत हिरवे आणि तपकिरी दोन्ही नाकतोडे असतात. लांब तिरक्या डोक्याचा अ‍ॅक्रिडा घ्या: एकाच माळावर हिरवा, वाळक्या गवताचा आणि पट्टेवाला असे तिन्ही मिळतील. त्याच्या पट्टेवाल्या रूपाला अ‍ॅप वेगळी प्रजाती सुचवतं, कधी युरोपातली, कधी पूर्व आशियातली. तलवारीच्या पात्यासारख्या चपट्या मिशा आणि शंकूसारखं डोकं दिसलं की ‘अ‍ॅक्रिडा’ या वंशावर थांबावं. त्यापुढची प्रजाती बाजूच्या एका फोटोवरून सांगणारा माणूस धाडसी आहे, जाणकार असेलच असं नाही.

शंकूसारख्या डोक्याचा दुसरा हिरवा किडा म्हणजे अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फा क्रेन्युलाटा. बागेत, पालेभाजीच्या वाफ्यात हाच असतो. पाय अ‍ॅक्रिडाइतके लांबसडक नसतात. डोळ्यामागून खोगिराच्या खालच्या कडेकडे जाणारी बारीक मण्यांची ओळ दिसते, आणि डोक्याच्या अगदी टोकाला मधोमध एक बारीक खाच असते. ही खाच पिर्गोमॉर्फिडी या अख्ख्या कुळाची खूण आहे, दहापट भिंगाखाली सहज दिसते. मागचा पंख बुडाशी गुलाबी असतो. हिरव्या किड्यात लपवलेला तो गुलाबी रंग पहिल्यांदा दिसला की माणूस चकित होतो.

पिल्लू की आखूड पंखांचा प्रौढ?

जुलै-ऑगस्टमध्ये काढलेले निम्मे फोटो पिल्लांचे असतात. पाऊस पडला की जमिनीतल्या अंड्यांतून पिल्लं निघतात, आणि अनेक प्रजातींचे प्रौढ भाद्रपद-आश्विनापर्यंत तयार होतात. पिल्लाचा रंग, खोगिराची लांबी, मिशांच्या पेरांची संख्या, सगळंच अर्धवट असतं. अ‍ॅप तरीही बेधडक प्रजातीचं नाव देतं.

पिल्लू ओळखायची एक पक्की खूण आहे, आणि ती फारच थोडे लोक वापरतात. मोठ्या पिल्लांमध्ये पंखांच्या फुटव्यांचा क्रम उलटा असतो: मागच्या पंखाचा फुटवा वर असतो आणि पुढच्याचा त्याच्याखाली झाकलेला. फुटव्यावर शिरा पंख्यासारख्या फाकलेल्या दिसतात. आखूड पंखांच्या प्रौढात मात्र पुढचा पंखच वर असतो. हायरोग्लायफस निग्रोरेप्लेटसमध्ये आखूड पंखांचे प्रौढ सापडतात, त्यांना पिल्लू समजून अ‍ॅपवर ‘निम्फ’ अशी खूण लावलेल्या नोंदी दिसतात. पंखांचा क्रम बघा, मग खूण लावा. दख्खनच्या ज्वारीवरचा कोलेमानिया हा जन्मभर बिनपंखीच असतो. त्याला पंख फुटायची वाट बघू नका.

नर-मादीही याच फोटोतून ठरतात. मादीच्या टोकाला चार पाकळ्या, नराच्या टोकाला वर वळलेली होडीसारखी वाटी. नर सहसा बराच लहान असतो. पाठीवर बसलेला छोटा नाकतोडा म्हणजे पिल्लू नव्हे, नर.

भातावरचे दोघे

कोकणात, मावळात, पूर्व विदर्भात भातावर दोन हिरवे नाकतोडे असतात, आणि दोघांनाही लोक एकच नाव देतात. हायरोग्लायफस बॅनियन मोठा, त्याच्या खोगिरावरच्या आडव्या चिरा काळ्या शाईने गिरवल्यासारख्या उठून दिसतात. वर्षाला एकच पिढी. अंडी बांधाच्या मातीत राहतात, म्हणून उन्हाळ्यात बांध खरवडून ती उघडी पाडायचा सल्ला देतात. ऑक्सिया त्याहून लहान, डोळ्यामागून खोगिराच्या बाजूने जाणारा गडद तपकिरी पट्टा, आणि मागच्या गुडघ्याची खालची पाळी काट्यासारखी टोकदार.

बॅनियनच्या बाबतीत अ‍ॅप चांगलं चालतं, काळ्या रेघा त्याला सापडतात. ऑक्सियात वंशापर्यंत बरोबर, पुढे अंदाज. ऑक्सियाच्या प्रजाती मादीच्या पोटाखालच्या शेवटच्या पट्टीवरून आणि नराच्या मागच्या अवयवांवरून वेगळ्या करतात. ते फोटोत दिसत नसेल तर ‘ऑक्सिया’ एवढंच लिहून थांबावं. फवारणीचा निर्णय घ्यायला प्रजातीचं नाव लागतही नाही. चौरस मीटरमध्ये किती आहेत आणि पिल्लं आहेत की प्रौढ, हे जास्त कामाचं.

सूचना देताना संगणक काय बघतो

इथे दोनतीन गोष्टी माहीत असल्या की अ‍ॅप एकदम शहाणं वाटू लागतं. एक: संगणक एका वेळी एकच फोटो पाहतो, तुम्ही सात जोडले तरी. सूचना पटली नाही तर दुसरा फोटो निवडून पुन्हा विचारा. बाजूच्या फोटोवर आणि चेहऱ्याच्या फोटोवर तोच वंश आला तर भरवसा ठेवायला हरकत नाही. दर वेळी नवं नाव आलं तर संगणकाला काहीच कळलेलं नाही, असं समजावं.

दोन: साइटवर फोटो जास्तीत जास्त २०४८ पिक्सेलचा ठेवला जातो. तुमच्या मोबाइलचा कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा असला तरी अख्खं शेत आणि मध्ये एक किडा असा फोटो चढवला तर किडा चिंचोक्याएवढाही उरत नाही. आधी कापा, मग चढवा. हा एक बदल बाकी सगळ्या युक्त्यांहून जास्त फरक पाडतो.

तीन: ज्या प्रजातीचे पुरेसे फोटो साइटवर नाहीत ती संगणकाला शिकवलेलीच नसते. म्हणजे तुमच्यासमोर एखादी दुर्मीळ प्रजाती असेल तर तिचं नाव सूचनांत कधीच येणार नाही, तिच्या जवळची सामान्य प्रजाती येईल, तीही आत्मविश्वासाने. सह्याद्रीच्या सड्यांवरचे आणि जंगलातले आखूड पंखांचे नाकतोडे बघताना हे ध्यानात ठेवा. ‘जवळपास अपेक्षित’ हा शेरा मदत करतो, परदेशी नावं त्याने गाळली जातात. पण ‘अपेक्षित’ म्हणजे ‘बरोबर’ नव्हे.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो चढवला तर त्यातली जागेची आणि वेळेची माहिती गेलेली असते. जागा हाताने भरावी लागते, आणि लोक आळसाने ‘महाराष्ट्र’ एवढंच टाकतात. मग ‘जवळपास’ला काही अर्थ राहत नाही. निदान गाव तरी लिहा. घराची जागा उघड करायची नसेल तर ती धूसर करायची सोय आहे.

जे सोपे आहेत ते खरंच सोपे आहेत

तक्रारींचा पाढा वाचताना हेही सांगायला हवं. रुईवरचा निळा-पिवळा पोइकिलोसेरस पिक्टस अ‍ॅप झटक्यात ओळखतं, फिकट अंगावर काळे-लाल ठिपके असलेलं त्याचं पिल्लूसुद्धा. टेराटोडस मॉन्टिकोलिसचं खोगीर पानासारखं उभं, फणा काढल्यासारखं असतं. तो धूसर फोटोतही सापडतो. ट्रायलोफिडिया अ‍ॅन्युलाटा इवलासा आणि मातकट, पण खोगिराच्या कण्यात दोन खोल खाचा आणि त्यामुळे दात उठल्यासारखा आकार. बाजूचा फोटो नीट असेल तर हाही बरोबर येतो. क्रोटोगोनस हा चपटा, खरबरीत, ढेकळाच्या रंगाचा. वंशापर्यंत हमखास.

माणसांचं मत आणि ‘सहमत’चं बटण

अ‍ॅपची खरी ताकद संगणकात नाही, मत देणाऱ्यांत आहे. भारतातल्या नाकतोड्यांवर बारकाईने मत देणारे लोक थोडे आहेत, त्यामुळे नोंद महिनोन्‌महिने तशीच पडून राहू शकते. चांगले सात फोटो असलेल्या नोंदीकडे ते आधी वळतात, हे ओघानेच आलं.

खटकणारी गोष्ट म्हणजे ‘सहमत’चं बटण. एकाने संगणकाची सूचना उचलली, दुसऱ्याने काही न तपासता सहमती दिली, की नोंद रिसर्च ग्रेड. मग तो चुकीचा फोटो पुढच्या वेळी संगणकाला शिकवायला वापरला जाऊ शकतो, आणि चूक पक्की होत जाते. खुंटी, गुडघा किंवा शेपटाचं टोक यांपैकी तुम्ही स्वतः काय पाहिलं हे शेऱ्यात लिहिता येत नसेल तर सहमत होऊ नये. ‘छान फोटो’ म्हणायला ताऱ्याची खूण आहे, सहमतीचं बटण त्यासाठी नाही.

वंशावर थांबलेली नोंद कायम ‘अपूर्ण’ राहते म्हणून काही जण उगाच प्रजाती भरतात. त्याची गरज नाही. वेबसाइटवर नोंदीच्या खाली दर्जा तपासण्याच्या भागात ‘यापुढे ओळख सुधारणं शक्य आहे का?’ अशा अर्थाचा प्रश्न असतो. तिथे ‘नाही’ नोंदवलं आणि वंशावर एकमत असलं तर वंशावरच रिसर्च ग्रेड मिळते. ऑक्सिया आणि अ‍ॅक्रिडासाठी ही सोय नामी आहे.

सीक आणि लेन्स

याच संस्थेचं सीक हे अ‍ॅप खातं न काढता चालतं, नेट नसतानाही कॅमेऱ्यातूनच ओळख सांगतं, आणि खात्री नसेल तर कुळावर किंवा वंशावर थांबतं. शाळेच्या सहलीला हे बरं. पण नोंदीवर माणसांची नजर पडत नाही, म्हणून नाकतोड्यांसाठी त्याचा उपयोग पहिल्या अंदाजापुरता. गूगल लेन्स इंटरनेटवरचे सारखे दिसणारे फोटो शोधतं. रुईवरच्या नाकतोड्याला ते ठीक, बाकी हिरव्या-तपकिरी मंडळींत ते अमेरिकेतली नावं आणून ठेवतं.

तारे द्यायचे तर: पाठीचा एकच फोटो टाकणाऱ्याला हे अ‍ॅप पाचपैकी दोन ताऱ्यांचं. गळा, गुडघा, टोक दाखवणाऱ्याला चार. पाचवा तारा अडला तो ‘सहमत’च्या बटणावर.

नावाची खातरजमा करायला ऑर्थोप्टेरा स्पीशीज फाइल ही साइट उघडी ठेवा. वैध नाव, जुनी नावं आणि बऱ्याच प्रजातींच्या मूळ नमुन्यांचे फोटो तिथे असतात. आणि फोटोने भागणारच नसेल, म्हणजे पिकावर नवीनच काही दिसतंय किंवा सड्यावरची अनोळखी बिनपंखी जात आहे, तर प्रत्यक्ष नमुना लागतो. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. नमुना ठेवायच्या आधी जिवंतपणीचे रंगीत फोटो नक्की काढा, कारण वाळल्यावर किंवा अल्कोहोलमध्ये हिरवा रंग उडून किडा गवतासारखा पिवळट होतो. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, कोणत्या झाडावर होता ते पेन्सिलीने लिहा. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि मग बाटलीत निनावी नाकतोडा उरतो.